बंद केलेला लॅपटॉप बंद नसतो

माझा लॅपटॉप आठ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत तो सात मिनिटं घ्यायचा आणि बंद व्हायला पाच. आमचा तास पस्तीस मिनिटांचा. मुलांना कवितेची चित्रफीत दाखवायची ठरवली, तर तासाचा पाचवा हिस्सा पडद्यावर गोल फिरणारे ठिपके बघण्यात जायचा. मुलं मात्र खूश असायची.

ज्याला त्याला विचारलं, उत्तर एकच : "टीचर, नवा घ्या." चाळीस हजार रुपये हा एक मुद्दा झालाच, पण खरी अडचण वेगळी होती. पंधरा वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका आणि मुलांसाठी जमवलेली उर्दू-मराठी शब्दांची यादी, हे सगळं जुन्या इनपेजमध्ये आहे. त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. दुसऱ्या प्रोग्रामात उघडल्या तर अक्षरांऐवजी चिन्हांचा चुरा दिसतो. ती यादी कुठल्या पुस्तकातून उतरवलेली नाही, वर्गातून आलेली आहे. 'खाली' म्हणजे उर्दूत रिकामं आणि मराठीत खालच्या बाजूला. "बाटली खाली आहे" या वाक्यावर पाचवीचा वर्ग दहा मिनिटं भांडला होता, म्हणून तो शब्द यादीत आला. अशी यादी पुन्हा करायला पुन्हा पंधरा वर्षं लागतील.

म्हणून आधी दुखणं कुठे आहे ते पाहायचं ठरवलं. विंडोजमध्ये याची नोंद आपोआप होत असते, आणि बहुतेकांना ती माहीत नसते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा. मायक्रोसॉफ्ट, विंडोज या वाटेने आत डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्सपर्यंत जा. १०० क्रमांकाची नोंद सुरू होण्याची, २०० क्रमांकाची बंद होण्याची. वेळ मिलिसेकंदांत असतो. सुरू होण्याचे तिथे दोन भाग दिसतात : डेस्कटॉप येईपर्यंतचा, आणि त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा. माझ्याकडे दुसरा भाग मोठा होता. म्हणजे चित्र दिसायचं, पण आत धावपळ चालूच.

टास्क मॅनेजरमध्ये आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची रांग होती. मीटिंगचे दोन, प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांचा एक (भाच्याची कृपा). चार बंद केले, दीड मिनिट वाचलं. मग अंदाज होता फाँटचा. मराठीचे, उर्दूचे मिळून तीनशेच्या वर फाँट साठले होते. नको असलेले काढले, फरक जवळजवळ शून्य. नस्तालीकवर सगळा दोष टाकण्याची सवय आमच्याकडे जुनी आहे, या वेळी ते बिचारं निर्दोष निघालं.

बंद होण्याची गोष्ट जास्त मजेची. मी रोज रात्री लॅपटॉप बंद करते, तरी टास्क मॅनेजर सांगत होता की यंत्र तेवीस दिवस चालू आहे! याचं कारण फास्ट स्टार्टअप. शटडाउन केलं की विंडोज तुमचे प्रोग्राम मिटवते, पण स्वतःचा गाभा जसाच्या तसा डिस्कवरच्या एका मोठ्या फायलीत लिहून ठेवते आणि सकाळी तो परत उचलते. खरी बंद-चालू फक्त रीस्टार्टमध्ये होते. म्हणूनच "एकदा रीस्टार्ट करून बघा" हा सल्ला शटडाउनपेक्षा गुणकारी. ही सोय कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन काढली. बंद व्हायला दोन मिनिटं लागू लागली, सुरू व्हायला मात्र एक मिनिट वाढलं. म्हणजे लिहिणं आणि वाचणं दोन्ही संथ. बोट डिस्ककडे वळलं.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा सुरुवातीची पाच मिनिटं शंभर टक्क्यांवर अडकलेला असायचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई पुढेमागे धावते. सुरू होताना हजारो छोट्या फायली लागतात, त्या सगळ्या वेगवेगळ्या जागी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रामने पिवळा दिवा दाखवला : खराब झालेले भाग बाजूला काढून डिस्क त्यांच्या जागी राखीव भाग वापरत होती.

पिवळा दिवा दिसल्यावर कामांचा क्रम महत्त्वाचा. लोक आधी फॉरमॅट करतात, व्हायरस शोधतात, डिस्क तपासणीचा आदेश देतात. मरायला टेकलेल्या डिस्कला ही सगळी जास्तीची मेहनत. आधी फायली बाहेर काढायच्या, बाकी सगळं नंतर. इनपेजचं फोल्डर मी दोन पेन ड्राइव्हवर घेतलं. एक घरी, एक बहिणीकडे गिरगावात.

मग परळच्या पुलावरून प्रभादेवी, तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं कागदावरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर दुकानदार दोनदा बघतो. पहिल्या दुकानात लॅपटॉप न उघडताच नव्याची किंमत सांगितली. दुसऱ्या दुकानातला पोरगा कोकणातला. त्याने मागचं झाकण काढून दाखवलं : "मॅडम, प्रोसेसर बरा आहे. एसएसडी टाका." एसएसडीत फिरणारं काही नसतं, म्हणून इथून तिथे धावण्यात वेळ जात नाही. केबलसकट तीन हजारांच्या आत काम झालं. त्याने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवली, त्यामुळे इनपेज पुन्हा बसवावं लागलं नाही. दोन तास लागले, तेवढ्यात दोन चहा झाले.

आता बावीस सेकंदांत सुरू होतो आणि नऊ सेकंदांत बंद.

एक अडचण बाकी आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून दर रविवारी दहा प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये उतरवते आहे. यादीचा 'ख' संपला. 'खाली' सुखरूप पोचला आहे.