चढेल का, आणि उतरेल का

पोलादपूरच्या माझ्या गॅरेजवर पावसाळ्याच्या तोंडाला एक प्रश्न हमखास येतो : "कुडपणला गाडी चढेल का?" विचारणाऱ्याकडे कधी बुलेट असते, कधी हिमालयन, कधी दहा वर्षं वापरलेली स्प्लेंडर. पुण्या-मुंबईची मुलं मागे मोठाल्या बॅगा आवळून येतात, गावची मंडळी गॅसचा सिलिंडर किंवा तांदळाची गोणी बांधून. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. चढेल. शंभर सीसीची गाडी दोन माणसं घेऊनही पहिल्या गिअरवर वर जाते. तापेल, दमेल, वाटेत थोडं थांबावं लागेल, पण चढेल. हे सांगता सांगता मी वाकून पुढचं चाक बघत असतो, कारण मला पडलेला प्रश्न दुसराच असतो. ही उतरेल का?

कुडपण म्हणजे पोलादपूर तालुक्याचं टोक. रायगड, सातारा आणि रत्नागिरी हे तीन जिल्हे ज्या डोंगरांत एकमेकांना भिडतात, तिथलं गाव. शेलारमामांचं गाव म्हणून ते पूर्वीपासून माहीत होतं. आता भीमाची काठी हा धबधबा बघायला पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. रस्ता अरुंद, वळणं आखूड, एका अंगाला दरी, आणि आलेले लोक आल्या वाटेनेच परत उतरतात. म्हणजे सकाळी जे जे चढवलं, ते सगळं संध्याकाळी उतरवायचं असतं, तेही अंग दमलेलं असताना, अंधार पडायच्या घाईत, बहुतेक वेळा धुक्यात.

चढावर इंजिन बंद पडलं तर गाडी जागच्या जागी उभी राहते. उतारावर टायर किंवा ब्रेकने साथ सोडली तर ती उभी राहत नाही. आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. २८ जुलै २०१८ला महाबळेश्वरहून उतरणाऱ्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि कितीतरी माणसं गेली. जानेवारी २०२१मध्ये कुडपणच्याच घाटात लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी कोसळली. त्या गाड्या मोठ्या होत्या, तिथली कारणं वेगळी असतील. पण तेव्हापासून माझ्या दारातून वर जाणारी कुठलीही गाडी मी नुसती पेट्रोल आणि ऑइल बघून सोडत नाही.

उतार गाडीकडून काय मागतो याचा एक साधा हिशोब मी पोरांना सांगतो. गाडी, चालवणारा आणि सामान मिळून २६० किलो धरा. एवढं वजन १०० मीटर उंचीवरून खाली आणायचं आणि वेग वाढू द्यायचा नाही, तर ती सगळी ताकद उष्णता होऊन कुठेतरी जिरवावी लागते. ही उष्णता पाऊण लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंतचा उतार १२०० मीटरच्या वर आहे. म्हणजे नऊएक लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता एका उतरणीत तयार होते. तिच्यातली काही हवा घेते, गिअर खाली ठेवला तर बरीचशी इंजिन घेतं, आणि राहिलेली सगळी ब्रेकच्या लायनरवर आणि डिस्कवर येते. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल टाकून उतरणारे लोक इंजिनाचा वाटाही ब्रेकच्या माथी मारतात. लायनर मग तापून चकाकतो, आणि चकाकलेला लायनर पकडत नाही. डिस्कच्या गाडीत ब्रेक ऑइल जुनं असलं तर वेगळा धोका. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ जातीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा मापदंड आहे, पण पाणी ओढलेल्या त्याच ऑइलसाठी हा आकडा १५५वर येतो. कोकणच्या दमट हवेत दोन वर्षं बदललं नाही की ते दुसऱ्या आकड्याच्या जवळ जात राहतं. ऐन घाटात आत वाफ धरली की लिव्हर हँडलला टेकते आणि हाताला काहीच लागत नाही.

तरी ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर. मागच्या चाकावर १५० किलो भार आणि टायरमध्ये ३० पौंड हवा धरली, तर रस्त्याला टेकलेलं रबर साधारण ७० चौरस सेंटिमीटर भरतं. तळहाताएवढं. पुढे त्याहून कमी. आणि उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या टायरवर येऊन पडतं. आमच्याकडे लोक नेमका हाच टायर विसरतात. मागचा टायर चेनच्या ओढीने लवकर झिजतो, गोटा झालेला दिसतो, म्हणून बदलला जातो. पुढच्याच्या नक्षीला काही झालेलं नसतं, म्हणून तो राहतो. मागचे दोन बदलले तरी पुढचा पहिलाच. पण रबर नुसतं झिजत नाही, ते वाळतंही. टायरच्या अंगावर बारीक चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे वाचायला मी प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवतो. पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर असेल तर नक्षी कितीही खोल असो, मी नख रुतवून बघतो, नक्षीच्या फटी उघडून आत भेगा आहेत का पाहतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर त्याच्याही आधी कडक होतो. कडक रबर कोरड्या डांबरावर चालून जातं, ओल्या शेवाळावर नाही.

शेवाळाचं म्हटलं तर आमचा रस्ता वर्षभर एकच नसतो, आणि टायरची निवड खरी इथे अडते. जूनच्या पहिल्या सरीला उन्हाळ्याची धूळ आणि गाड्यांचं सांडलेलं ऑइल वर येतं. ते दोन दिवस मला सगळ्यात वाईट वाटतात. जुलैत लावणीची घाई, शेतातून निघालेले ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर चिखलाच्या वड्या डांबरावर टाकत जातात. ऑगस्टमध्ये झाडाखालच्या वळणांवर शेवाळ धरतं. ते दिसत नाही, हिरवंही नसतं, नुसतं काळं ओलं डांबर वाटतं. पाऊस ओसरला की दरडीची माती आणि बारीक खडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला साचते. या सगळ्याला पुरेल असा एक टायर कुठल्याच कंपनीने केलेला नाही.

फोटो बघून आलेल्या मुलांना बटण टायर हवे असतात. मोठमोठे सुटे ठोकळे, गाडीला रुबाब येतो. मऊ चिखलात ते चांगलेच. ठोकळा रुततो आणि ओढ मिळते. पण मुंबईहून इथवर सुमारे २०० किलोमीटर येतात ते महामार्गावर, त्यातही बराच काँक्रीट. तिथे हे ठोकळे गुरगुरतात, मधे झिजतात, आणि ओल्या डांबरावर आडवी होणारी गाडी पेलायला त्यांच्याकडे रबरच कमी असतं. कुडपणला चिखल लागतो तो थोडा, वळणं लागतात ती सगळी डांबरी. म्हणून मी मधला टायर सुचवतो : नक्षी खोल, मधली पट्टी जवळजवळ सलग, कडांना ठोकळे. पाणी बाहेर पडायला वाट आणि वळायला रबर, दोन्ही त्यात सापडतं. दूर जाणाऱ्याला टिकाऊ टायर हवा असतो, टिकाऊ म्हणजे कडक, आणि कडक म्हणजे पावसात पकड कमी. मागे जरा कडक, पुढे जरा मऊ असा मेळ घातला तर पैसे आणि हाडं दोन्ही राखली जातात. दोन्ही टायर एकाच कंपनीचे असावेत हा आग्रह मी धरत नाही. माप आणि घडण मात्र जुळायला हवी.

मापाचा मोह सुटता सुटत नाही. क्लासिकच्या मागे कंपनी १२०/८०-१८ देते : रुंदी १२० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १८ इंच. या आकड्यांपुढे ६२ पी असं असेल तर टायर २६५ किलो भार आणि ताशी १५० किलोमीटर वेग सोसतो. एवढ्यात सगळं सांगितलेलं असतं. तरी कुणी त्याच रिमवर १४० चढवून मागतो. रिम अरुंद असल्याने टायरच्या कडा आत ओढल्या जातात, पाठ जास्त गोल होते, सरळ रस्त्यावर रबर टेकतं तेही मधेच. गाडी वळणात जायला आळस करते. दिसायला भरलेली, चालवायला जड. असे टायर मी बसवत नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

माप निवडताना आणखी एक गोष्ट बघावी, आणि दूर फिरणाऱ्यांनी तर आधी बघावी : वाटेवर ते मिळतं का. स्प्लेंडरचा १८ इंची टायर आणि ट्यूब महाड-पोलादपुरात कुठल्याही दुकानात टांगलेली दिसेल. हिमालयनच्या पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब रविवारी संध्याकाळी शोधायला लागलो की महामार्गावर फोन फिरवावे लागतात. अशा गाडीवाल्याने पुढची एक ट्यूब बॅगेत ठेवावी. अडचणीत ती मागच्या १७ इंची चाकात कोंबूनही गावापर्यंत येता येतं, पण १७ची ट्यूब २१मध्ये ताणणं धोक्याचं. ट्यूबलेस चांगलंच आहे. खिळा लागला तर चिकट पट्टी आत ढकलून पाच मिनिटांत निघता येतं. पण दगडावर आपटून रिमची कड वाकली की हवा कडेने निसटते आणि पट्टीचा उपयोग नसतो. तिथे शेवटी ट्यूबच कामाला येते.

हवेबद्दल घाटात एक समज फार पसरलाय : हवा कमी केली की पकड वाढते. मातीत ते खरं आहे. डांबरी घाटात, मागे माणूस बसवून हवा कमी केली तर टायर रिमवर सरकतो, त्याच्यासोबत ट्यूब सरकते आणि तिचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. कंपनीने सांगितलेली हवा ठेवावी, टायर थंड असताना मोजावी, दोघं असतील तेव्हा मागे वाढवावी. आणि निघायच्या आदल्या दिवशी वॉशिंगला गाडी टाकून टायरवर काळी चकचकीत पॉलिश मारून घेऊ नये. ती कडेला लावतात पण पसरते नक्षीवर, आणि पहिल्याच ओल्या वळणावर हिशोब होतो. नव्या टायरचंही तसंच; साच्यातून निघालेला त्याचा वरचा तुळतुळीत थर जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवावी.

पाण्याने गाडीचं काय होतं हे महाडने जुलै २०२१मध्ये पाहिलं. सावित्री आणि गांधारीचं पाणी घराघरांत शिरलं, आणि पाणी ओसरल्यावर आमच्यासारख्यांच्या दारात चिखलाने भरलेल्या गाड्या येऊन पडल्या. लोक सेल्फ मारून बघत होते, आणि आम्ही सगळे एकच ओरडत होतो : चालू करू नका. आधी प्लग काढा, किक मारून पाणी बाहेर काढा, दुधाळ झालेलं ऑइल सोडा, पुन्हा नवं घाला, तेही एकदा चालवून काढून टाका. इंजिनं बरीच वाचली. पण चाकांची बेअरिंग, ड्रममधला गाळ, आऱ्यांच्या मुळाशी धरलेला गंज याकडे त्या धांदलीत कमी लोकांनी पाहिलं. घर उभं करायचं होतं, गाडी चालली म्हणजे झालं. पुढची दोन वर्षं मी आऊट निघालेली चाकं आणि करकरणारी बेअरिंग बदलत होतो. इंजिन आवाज करून दुखणं सांगतं. चाकाला हात लावून विचारावं लागतं : गाडी स्टँडवर घ्या, चाक फिरवा, दोन्ही बाजूंनी धरून हलवा, आऱ्यांवर पाना वाजवत जा, सैल आरा वेगळा वाजतो.

चेनचं फार सांगत नाही. पावसात चारपाचशे किलोमीटरला धुऊन तेल द्यावं, ओ-रिंग असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये, आणि फार ताणू नये. वर माणूस बसल्यावर ती आणखी ताणते, हे विसरलं जातं.

खरी अडचण पैशाची आहे, आणि ती बाहेरून फिरायला येणाऱ्यांची नाही. गावचा माणूस रोज हा घाट उतरतो. दूध, रेशन, तालुक्याचं काम, दवाखाना, सगळं त्याच गाडीवर. गणपतीला मुंबईचा भाऊ येईल तेव्हा टायर घेऊ, असं म्हणून तो पुढचा टायर आणखी एक पावसाळा ओढतो, नाहीतर रिमोल्ड मागतो. जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला, निम्म्या किमतीचा. "मामा, दिसतोय की नवा!" दिसतो खरा. सपाटीवर, मागच्या चाकाला, हळू चालणाऱ्या गाडीला मी तो कधीतरी बसवून दिला आहे. घाटात जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाला नाही, कारण आतला सांगाडा किती वर्षांचा आहे आणि त्याने काय काय सोसलंय, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. त्याऐवजी मी साधा, कुठल्याही चांगल्या कंपनीचा, ताज्या तारखेचा ८०/१००-१८ काढतो, जुना उतरवून त्याच्या भेगा त्याला दाखवतो, आणि पैसे गणपतीनंतर द्यायला सांगतो. वहीत पुढच्या टायरचं पान वेगळं ठेवलंय. ती उधारी मागायला मी कुणाच्या घरी जात नाही. भात झोडून झालं की लोक आपणहून आणून देतात, आणि त्या वेळी मी न विचारता मागचे लायनर उघडून बघून घेतो.