तापलेला व्हॉल्व्ह

ट्रान्झिस्टर घरोघरी पोहोचण्यापूर्वी रेडिओ काय आणि ध्वनिवर्धक काय, सारे व्हॉल्व्हवर चाले. काचेच्या नळीतील तापलेल्या कॅथोडपासून निघालेला विद्युत्कणांचा प्रवाह प्लेटकडे धाव घेतो आणि वाटेत असलेली ग्रिड त्याला आवर घालते. ग्रिडचा दाब कॅथोडपेक्षा पुरेसा उणा असेल, तोवरच हा प्रवाह मर्यादेत राहतो.

वसईतील एका दिवंगत गायकवृंद-प्रमुखांचा असाच एक ध्वनिवर्धक त्यांच्या पत्नीने माझ्याकडे पाठविला. त्याच्या शेवटच्या टप्प्यात १९५०च्या दशकात प्रचारात आलेले ‘ईएल ८४’ जातीचे दोन व्हॉल्व्ह होते. यजमानांनी जमविलेल्या भक्तिगीतांच्या तबकड्या ऐकणे हा मावशींचा सायंकाळचा विरंगुळा. अलीकडे आवाज घोगरा येई आणि उजवा व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखा लाल होई. दुरुस्ती करणाऱ्याने दोनदा नवा व्हॉल्व्ह बसविला. दोन्ही वेळा तोही लाल झाला. अखेर, यंत्र म्हातारे झाले, भंगारात द्या, असा निर्वाळा मिळाला. मावशींचा निरोप एवढाच होता, “बाळा, एकदा नीट बघ. मग देऊन टाकू.”

प्रथम मी दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. डावीकडचा थंड व्हॉल्व्ह उजवीकडे येताच लाल होऊ लागला आणि उजवीकडचा डावीकडे जाऊन शांत झाला. दोष व्हॉल्व्हचा नव्हता, जागेचा होता.

मग डिजिटल मीटर लावला. ग्रिडवर शून्य हवे, तेथे ९ व्होल्ट निघाले. कॅथोडवर साडेदहाच्या आसपास हवे, तेथे १७. कॅथोडचा रोधक २७० ओहमचा. म्हणजे सुमारे ४०ऐवजी ६३ मिलिअँपिअर प्रवाह वाहत होता. या व्हॉल्व्हची प्लेट १२ वॅट उष्णता सोसते. तिच्यावर १५हून अधिक पडत होती. व्हॉल्व्ह काढून घेतला, तरी त्याच्या सॉकेटवरचा तो दाब गेला नाही. तो मागून येत होता.

मागे होता एक कागदी कंडेन्सर. आधीच्या टप्प्यावरील २०० व्होल्टचा स्थिर दाब अडवायचा आणि गाण्याची कंपने तेवढी पुढे सोडायची, हे त्याचे काम. समुद्राकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे ओल शोषून तो झिरपू लागला होता.

वीज बंद केल्यावरही गाळणीच्या कंडेन्सरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा जीवघेणा साठा राहू शकतो. तो रोधकातून रिकामा करून मगच मी कागदी कंडेन्सर सोडविला. काट्याच्या साध्या मीटरवर तो निर्दोष भासला. काटा हललाच नाही. गळतीची वाट सुमारे १ कोटी ओहमची होती आणि मीटरमधील बॅटरीच्या क्षीण दाबाला ती दिसणारी नव्हती. दोन्ही बाजूंना ६३० व्होल्टचे नवे पॉलिएस्टर कंडेन्सर बसविले आणि सिरीज बल्ब लावून यंत्र सुरू केले. सारे ठीक दिसल्यावर बल्ब काढून मोजले, तेव्हा ग्रिड शून्यावर आणि कॅथोड साडेदहावर स्थिरावला. त्याच रविवारी मिस्सा आटोपल्यावर ध्वनिवर्धक मावशींच्या घरी पोहोचला.

आपल्या कुटुंबांतही असेच घडते. ज्याचा संताप दिसतो, त्यालाच आपण दोषी ठरवितो. सून कडाडली, मुलगा दारूकडे वळला, की बोट त्याच्याकडे. त्यांची जबाबदारी त्यांच्यावर आहेच. परंतु कुणाचा तरी दाब झिरपत त्यांच्यापर्यंत पोहोचत असतो आणि शांत काळात घेतलेल्या वरवरच्या चौकशीत तो सापडत नाही. माणूस बदलून पाहिला, तरी त्या जागी येणारा दुसराही तसाच तापतो. म्हणून कुणाला घराबाहेर काढण्यापूर्वी, त्याच्या जागेवर नेमका किती भार पडतो आहे, हे आधी मोजून पाहावे.