गाठ नाही त मान कायले कापाची?

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन शनिवार नुसतेच गेले. आधी रिलीज, मग रिलीजचं पोस्टमॉर्टेम, मग झोप. आजचा विषय जरा जड आहे, पण मागच्या आठवड्यात गावी जाऊन आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. तेव्हा मंडळी, चहा घेऊनच बसा.

माझे काका घाटंजी तालुक्यात कापूस आणि तूर करतात. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या गालाच्या आत एक जखम झाली. भरेना. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. तालुक्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी जेल लावायला दिलं आणि काकांनी ते इमानेइतबारे दोन महिने लावलं. शेवटी बायोप्सी झाली तेव्हा दसरा आला होता.

कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खर्रा. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे गुटखा नव्हे. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देतात, त्याचा तोबरा गालात धरून ठेवायचा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी आली, पण ठेल्यावर ताज्या घोटलेल्या मालाला ना कंपनी ना पाकीट. 'मी बिनतंबाखूची सुपारी खातो' म्हणणार्‍यांसाठीही सांगून ठेवतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. तिच्यामुळे गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. काकांचं तोंड आजाराच्या आधीच दोन बोटं उघडत होतं. साधारण माणसाचं तीन बोटं उघडतं. पाणीपुरी अख्खी जात नाही म्हणून आम्ही त्यांना हसायचो.. असो.

मी काय केलं असेल? बरोबर. एक्सेल शीट. पहिल्या कॉलममध्ये उपचार, मग यशाचं प्रमाण, खर्च, किती दिवस, कुठे. घरात शिकलेला मी एकटाच, त्यामुळे निर्णय आपोआप माझ्याकडे आले. व्हॉट्सअ‍ॅपवर सल्लागारांची कमी नव्हती. कुणाच्या तरी साडूला ऑपरेशन न करता नुसत्या शेकाने बरं वाटलं होतं, आवाजसुद्धा वाचला होता. ते खोटं नव्हतं, पण ते स्वरयंत्राच्या कॅन्सरचं होतं. तिथे रेडिएशन आणि केमोने स्वरयंत्र वाचवता येतं. अमेरिकेत १९९१ साली माजी सैनिकांवरचा अभ्यास आला, त्यात साधारण दोन तृतीयांश लोकांचं स्वरयंत्र असं वाचलं होतं. गालाच्या कॅन्सरला मात्र, काढता येण्यासारखा असेल तर, आधी ऑपरेशन. 'हेड अँड नेक' हे नाव एकच असलं तरी आत चार-पाच वेगळे आजार आहेत, आणि एकाचा उपाय दुसर्‍याला चिकटवला की घोळ होतो.

गावात दोनच आकडे चालायचे. एक, पवारसाहेब. २००४ साली त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांचा बदललेला उच्चार घेऊन ते वीस वर्षं सभा गाजवताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. "पवारसाहेब झाले न बरे!" असं येणारा प्रत्येकजण म्हणायचा. दुसरं नाव कोणी काढत नव्हतं. आर. आर. आबा, फेब्रुवारी २०१५. तोच आजार.

यवतमाळहून मुंबईला जायचं म्हणजे आधी गाडीने धामणगाव, तिथून विदर्भ एक्सप्रेस, सकाळी दादर. मुक्काम गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत. आमच्याच वर्‍हाडातल्या माणसाच्या नावाची धर्मशाळा मुंबईत भेटली म्हणून काकूला केवढा धीर आला!

तपासण्या झाल्या. जखम तीन सेंटीमीटरच्या आत, मानेत गाठ हाताला लागत नव्हती, स्कॅनमध्येही दिसत नव्हती. म्हणजे लवकर सापडलं म्हणायचं. मग सर्जननी सांगितलं की गालाबरोबर मानेचंही ऑपरेशन करू, तिथल्या लसीका ग्रंथी काढून टाकू. काका माझ्याकडे बघून म्हणाले,

"गाठ नाही म्हन्ते न? मंग गाठ नाही त मान कायले कापाची?"

प्रश्न बिनतोड होता. गंमत म्हणजे नेमका हाच प्रश्न जगभरचे सर्जन कित्येक दशकं एकमेकांना विचारत होते. ग्रंथी आधीच काढायच्या की लक्ष ठेवायचं आणि गाठ आली तरच काढायच्या? उत्तर मिळालं ते मुंबईतच, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकार्‍यांनी २००४ ते २०१४ या काळात अशाच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. २०१५ साली पहिल्या ५०० जणांचा निकाल न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आला. ज्यांची मान आधीच केली त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. ज्यांच्यावर लक्ष ठेवलं त्यांच्यातले ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांच्या माना केल्या की एक जीव जास्तीचा वाचतो. हातात मोबाईल, समोर काका, आणि मी धर्मशाळेच्या जिन्यात बसून त्यांना हे आठात एक समजावून सांगतोय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुले जे समजते थे कर."

मी हो म्हणून टाकलं.

ऑपरेशन नऊ तास चाललं. गालाचा भाग काढला, आणि डाव्या मनगटाजवळची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून गालात बसवली. त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. आमच्या घरात त्यावर विनोद आहे, काकांच्या गालात त्यांचाच हात आहे म्हणून. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कुठेही न दिसलेल्या, हाताला न लागलेल्या मानेतल्या दोन ग्रंथींमध्ये कॅन्सर होता. कवच फोडून बाहेर आला नव्हता, म्हणून केमो लागली नाही, नुसत्या रेडिएशनवर भागलं. म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली, खोटं कशाला बोलू.

रेडिएशन नागपूरला. सोमवार ते शुक्रवार, तीस बैठका, सहा आठवडे. इकडे कापूस वेचणीला आलेला. खर्चाचा मोठा भाग फुले योजनेत बसला (तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती, नंतर पाच लाख झाली). माझ्या शीटमध्ये इथेही एक पर्याय होता, जुन्या पद्धतीचा शेक की नव्या पद्धतीचा, ज्यात लाळग्रंथी वाचवता येतात. इंग्लंडच्या २०११ च्या एका अभ्यासात वर्षभरानंतर तोंडाला त्रासदायक कोरड असलेले जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, नव्या पद्धतीत ३८. ते रुग्ण बहुतेक घशाचे, दोन्ही बाजूंनी शेक घेतलेले. काकांना एकाच बाजूला द्यायचा होता, दुसरी ग्रंथी तशीही वाचणार होती. तरी तिसर्‍या आठवड्यापासून चव गेली. सगळं मातीसारखं लागायचं. नाकातून नळी, नळीतून पातळ खिचडी आणि मुगाचं पाणी. वजन बासष्टचं एक्कावन्न झालं.

या सगळ्यात मला एक माणूस विसरता येत नाही. धर्मशाळेत आमच्या शेजारी उमरखेडकडचे एक गृहस्थ होते, ज्यांचं ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं. तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, हात टेकले. नंतर वाचलं तर कळलं की तोही अभ्यासलेला उपचार आहे. टाटाच्याच डॉक्टरांनी २०२० साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये दाखवलं होतं, की अशा रुग्णांमध्ये घरी घ्यायच्या दोन स्वस्त गोळ्यांवर मध्यक आयुष्य साडेसात महिने आणि सलाईनच्या केमोवर ६.१ महिने, शिवाय गोळ्यांचा त्रासही कमी. २०२२ साली तिथल्याच दुसर्‍या अभ्यासात अशा गोळ्यांच्या जोडीला इम्युनोथेरपीचं महागडं औषध नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. त्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते विचारायला माझ्याकडे नंबर नाही. पण निघताना ते खूश होते. "घरी जातो," एवढंच म्हणाले.

आता मागच्या आठवड्याबद्दल.

मला नेटवर एक प्रश्नसंच सापडला. युरोपातल्या कॅन्सर संस्थेने बनवलेला आहे. एक तीस प्रश्नांचा सगळ्या कॅन्सरसाठी, आणि त्याला जोडून पस्तीस प्रश्नांचा खास डोकं-मानेच्या रुग्णांसाठी. टाटामध्ये तो हिंदी-मराठीत तपासून घेतला होता, त्यावरचा लेख २००५ चा आहे. गिळायला त्रास होतो का, तोंड उघडतं का, फोनवर बोलायला जड जातं का, घरच्यांसमोर जेवताना, चारचौघांत जेवताना.. आणि बहुतेक उत्तरं चारच. अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. मला वाटलं, भारी! काकांचा डेटा. घेऊन गेलो, ओसरीवर बसलो, वाचायला लागलो.

तोंड उघडणं. यात आम्ही हुशार. ऑपरेशननंतर आईस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांमध्ये घालून रोज व्यायाम करायचा असतो, हळूहळू काड्या वाढवत न्यायच्या. दादा दर रविवारी मला मेसेज टाकायचा, 'काड्या ११', 'काड्या १४'. माझ्याकडे दोन वर्षांचा ग्राफ आहे. फोनवर बोलणं. इथे मला थांबावं लागलं. काका मला फोन करतच नाहीत. पूर्वी पाऊस पडला तरी फोन यायचा. आपलं बोलणं पलीकडे कळत नाही म्हणून त्यांनी फोन बंद केला, आणि मी काड्यांच्या मेसेजवर समाधानी होतो.

मग चारचौघांत जेवण्याचा प्रश्न. काका म्हणाले,

"लोकायसमोर मी जेवतच नाही, मंग तरास कायचा?"

आता काय लिहायचं? 'अजिबात नाही' लिहिलं तर उत्तम मार्क. जो माणूस लग्नाची पंगत टाळून घरी येऊन वरणभात कालवतो, तो त्या रकान्यात ठणठणीत दिसणार. आमच्या धंद्यात नल आणि झीरोचा घोळ केला की ज्युनिअर पोराला मी झापतो. मी रकाना कोरा सोडला.

त्या पस्तिसात खांद्याचा प्रश्नच नाही. मानेच्या ऑपरेशनमध्ये खांद्याची नस वाचवली तरी ती ओढली जाते, हात वर करायला जड जातो, आणि बरेचदा महिनोनमहिने फिजिओथेरपी करावी लागते. आम्हाला व्यायामाचा कागद मिळाला होता. मी तो स्कॅन करून फोल्डरमध्ये ठेवला आणि काड्यांच्या मागे लागलो. काकांचा उजवा खांदा आजही उतरलेला आहे. सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा तर पट्टा त्याच खांद्यावर येतो. या वर्षी त्यांनी निम्मं वावर ठेक्याने दिलं. मला कोणी सांगितलंही नाही. काकूने बोलता बोलता सांगितलं, चहाच्या कपबशा उचलताना.

पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा मानेला होच म्हणेन. दोन ग्रंथी मी विसरलेलो नाही. पण धर्मशाळेच्या जिन्यात मी त्यांना आठात एक सांगितलं, आणि पंप कुठल्या खांद्यावर घेता हे विचारलं नाही. ते त्यांनी आपणहून सांगायचं कसं? त्यांना काय माहीत मानेचा आणि पंपाचा संबंध?

दुसर्‍या दिवशी वावरात रोडग्याचा कार्यक्रम होता. गोवर्‍यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, पंधरा-वीस माणसं. पंगत बसली तेव्हा काका पलीकडच्या कडुनिंबाखाली आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी माझं ताट उचललं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते रोडगा पार भुगा होईपर्यंत वरणात चुरत होते, वरून तुपाची धार. उजव्या बाजूने थोडं बाहेर येतं, ते उपरण्याने टिपत होते.

"माह्या तोंडाकडे नोको पाहू," ते म्हणाले. "जेव तू."