बरणी फुटली की फोडली?

मी सहावीत असताना आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी माझ्या हातून पडली. आई धावत आली. मी एवढंच म्हटलं, "बरणी फुटली." यात खोटं काहीच नव्हतं. पण भांडी घासायला येणाऱ्या मावशी ओट्याशीच उभ्या होत्या, त्यामुळे ओरडा त्यांना बसला. मी गप्प राहिले.

परवा दादाच्या मुलीला इंग्रजीतली ट्रान्झिटिव्ह-इन्ट्रान्झिटिव्ह क्रियापदं शिकवताना ती बरणी आठवली. बीए इंग्रजी केलेली मी व्याख्याच सांगत बसले होते: कर्म असेल तर सकर्मक, नसेल तर अकर्मक. तिने जांभई दिली. मग मी बरणीचा किस्सा सांगितला.

तुमच्या घरीही मुलं इथे अडत असतील तर हे करून बघा. मराठीत आपण क्रियापदच बदलतो: फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'ब्रेक'च. 'द जार ब्रोक' अकर्मक, 'आय ब्रोक द जार' सकर्मक. म्हणजे नुसती क्रियापदांची यादी पाठ करून भागत नाही, वाक्य बघावं लागतं. क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारा. 'आय ब्रोक', काय? 'द जार'. 'शी स्लेप्ट इन द हॉल', काय? उत्तर नाही. 'इन द हॉल' हे 'कुठे'चं उत्तर आहे, ते कर्म नव्हे. भाची नेमकी इथेच फसत होती.

आपण मोठे फसतो ते मराठी डोक्याने इंग्रजी बोलताना. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात येतं. 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं, मध्ये 'अबाउट' नको. उलट गाणं आपण थेट ऐकतो, पण 'लिसन'ला 'टू' हवंच. आणि सहलीहून आल्यावरचं 'वुई एन्जॉइड अ लॉट'! काय एन्जॉय केलं? 'द ट्रिप' म्हणा, नाहीतर 'अवरसेल्व्ज'. मी हे ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलंय हो, आणि सीनियरकडून लाल होऊन परतही आलंय.

भाचीने वहीत 'द जार ब्रोक' लिहिलं आणि विचारलं, "आत्या, मग त्या मावशींना तू सांगितलंस का?"

रात्री मी आईला फोन केला. "आई, ती बरणी मी फोडली होती."

आई क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी अजून मागच्या गल्लीतच राहतात. आलीस की त्यांना सांग."