शेवटची पंगत

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर हळदीची बोटे उमटली आहेत आणि कोपऱ्यात तुपाचा डाग आहे. गौरी जाऊन दिवाळी तोंडावर आली, तरी तो काढायला कुणी धजत नाही. परवा भाऊबीजेच्या जेवणाचा विषय निघाला, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "तो तुझा कागद आहे ना, तो बघ आधी." वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे कागद तपासत आलेल्या माझ्यासारख्या मास्तरणीला आपल्या कागदाचा असा मान झालेला पाहून किती बरे वाटले म्हणून सांगू!

कागदाची जन्मकथा गेल्या वर्षीच्या गौरीजेवणातली आहे. ज्येष्ठा नक्षत्रावर गौरींचे पूजन आणि त्या दिवशी पुरणाचे जेवण, ही आमच्या घरची रीत. पाने पंचवीस. पहाटे चारला स्वयंपाक सुरू व्हायचा आणि सगळे एकदमच व्हायचे. इकडे डाळ शिजते आहे, तिकडे अळू चिरायचे राहिले आहे, नारळ अजून फोडलेलाच नाही. पुरुषमंडळी अर्ध्या अर्ध्या तासाने दारात डोकावत आणि "काही लागलं तर सांगा हं" असे म्हणून निघून जात. मदत मागायलासुद्धा सवड लागते, हे त्यांना कोण सांगणार!

त्या दिवशी साडेतीन वाजता मी खरकटी उचलून आत आले, तर सासूबाई ओट्याला टेकून पाटावर बसल्या होत्या. ताटात दोन फुटक्या, गार पोळ्या. आमटी संपली होती, म्हणून वर थोडे दूध. मी हळहळले, तर म्हणाल्या, "अगं, मला गारच आवडते पोळी."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. वर्गात वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ तासन्‌तास समजावून देणाऱ्या मला घरातल्या या एका वाक्याचा अर्थ इतकी वर्षे कळू नये!

यंदा म्हणून आठवडाभर आधी कागद घेऊन बसले. पंचवीस पानांना दीड किलो हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ. चार दिवस आधी दाण्याचे कूट, सुके खोबरे, गोडा मसाला. दोन दिवस आधी पंचामृत, कारण चिंचगुळातले ते मुरले की अधिकच चांगले लागते. आदल्या संध्याकाळी कुरडया-पापड तळून घट्ट झाकणाच्या डब्यात. कोशिंबिरीची तयारी सकाळी करायची, पण मीठ अगदी वाढताना, नाहीतर काकडीला पाणी सुटते. प्रत्येक कामापुढे एक नाव. नारळ खवणे, पाने धुऊन पुसणे आणि पुरणयंत्र फिरवणे यांपुढे मी आमच्या ह्यांचे नाव घातले.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. "गौरी काय परीक्षेला बसणार आहेत?" एवढ्यावर निभावले असे वाटले, पण 'पुरण – आदल्या रात्री' या ओळीवर बोट थांबले. "शिळ्याचा नैवेद्य? माझ्या डोळ्यांदेखत नाही व्हायचा." मी फ्रिजचे गुण सांगितले. त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरत्या बोलल्या. तिसऱ्या दिवशी तोड त्यांनीच काढली: नैवेद्यापुरती वाटीभर डाळ पहाटे ताजी शिजवायची, पंगतीचे पुरण रात्री करायचे. मी मुकाट्याने ओळ दुरुस्त केली. रात्री पुरणात उलथने उभे राहीपर्यंत कढईपाशी त्याच उभ्या होत्या.

सगळे कागदाप्रमाणे झाले असे मात्र नाही. आमटीत मीठ कुणी घालायचे हे लिहायचे राहिले. मला वाटले जाऊबाईंनी घातले, त्यांना वाटले मी. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, त्यामुळे ते उघडकीला आले थेट पंगतीत. पानाच्या शेंड्याला वाढलेल्या मिठाचा खरा उपयोग त्या दिवशी पहिल्या पंगतीला कळला.

कागदाची शेवटची ओळ होती: 'दीड वाजता – शेवटची पंगत : आई, जाऊबाई, मी.' बाकीची यादी एका बैठकीत झाली होती. ही ओळ लिहायला मला काही वर्षे लागली. भरलेले आठ गोळे बाजूला काढून ठेवले होते. तव्यापाशी उभा राहिला पुतण्या. पुण्याला खोली घेऊन राहायला लागल्यापासून तो पोळ्या लाटायला शिकला आहे. आमचे हे तुपाची वाटी घेऊन वाढायला. सासूबाई पानावर बसल्या खऱ्या, पण तीनदा उठू लागल्या. "अगं, तवा तापलाय फार," "अरे, पिठी लाव जरा." तिन्ही वेळा जाऊबाईंनी पदर धरून त्यांना खाली बसवले.

पहिली पोळी आली ती फुटलेली, पुरण बाहेर आलेली. "आजी, ही फुटली. थांब, दुसरी देतो," पुतण्या ओशाळून म्हणाला.

"असू दे रे," त्यांनी तूप पसरत म्हटले, "गरम आहे ना?"