आईंच्या वाटेवरचा उजेड

३० जुलै २०१२. रात्री अडीचच्या सुमारास उत्तर भारताची ग्रिड कोसळली आणि दिल्लीत मिट्ट काळोख झाला. आमचा इन्व्हर्टर नेमका बिघडलेला. पाणी प्यायला उठलेल्या सासूबाई उंबरठ्याला अडखळून पडल्या. मनगट मोडलं.

त्यांचं प्लास्टर निघायच्या आत आम्ही दोघं चांदनी चौकातल्या भागीरथ पॅलेसमधून १२ व्होल्टचे, ५ वॅटचे पाच एलईडी दिवे घेऊन आलो. हे थेट बॅटरीवर चालतात, इन्व्हर्टर लागतच नाही. पाचही लावले तरी साधारण २ अँपिअर. म्हणजे १०० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी निम्मीच वापरली, तरी २४ तास पुरते.

पण न्हाणीघराजवळचा, सर्वांत गरजेचा दिवाच मिणमिणायला लागला. दोष दिव्याचा नव्हता, माझ्या काटकसरीचा होता. मी बारीक वायर आणली होती. व्होल्ट कमी असले की तेवढ्याच उजेडाला करंट जास्त लागतो आणि लांबवर गेलेल्या बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच घटतं. मग जाड वायर टाकली, बॅटरीलगत फ्यूज बसवला.

पुढच्या वेळी वीज गेली, तशी मी धावले. ‘‘आई, थांबा, मी आले!’’

‘‘अगं, सावकाश ये,’’ स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘मी चहा ठेवलाय.’’