आगबोटीवरची पंगत

प्रवासवर्णने लिहिणारी मंडळी डोंगर, देवळे, सूर्योदय आणि सूर्यास्त यांचे रसभरित वर्णन करतात. पण त्या प्रवासात आपण काय खाल्ले, कोणाच्या शेजारी बसून खाल्ले आणि कोणाच्या हातचे खाल्ले, हे सांगण्याचे मात्र बहुधा टाळतात. खाण्याची गोष्ट क्षुल्लक, असे त्यांना वाटत असावे. मला तसे वाटत नाही. मी आयुष्यात पुष्कळ हिंडलो. पाहिलेली कित्येक स्थळे आता धूसर झाली आहेत, परंतु वाटेत सोडलेल्या शिदोऱ्यांचा वास मात्र अजून नाकात आहे.

त्यांतली एक शिदोरी आगबोटीवर सोडलेली होती. आज कोकणात आगगाडीने जाता येते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यापूर्वी अनेक वर्षे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट हीच कोकणच्या माणसाची मोठी वाट होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत घेत ती पणजीला पोचे. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद पडे. आताशा मुंबईहून गोव्याला मौजेच्या मोठ्या जहाजांतून जाता येते आणि तेथे पंचपक्वान्ने मांडून ठेवलेली असतात, असे माझी नातवंडे सांगतात. आमच्या बोटीवर तसे काही नव्हते. वरच्या वर्गातील उतारूंना टेबलावर जेवण मिळे. खालच्या डेकवरच्या शेकडो लोकांनी आपापली चादर अंथरावी, आपापले गाठोडे सोडावे आणि शेजाऱ्याच्या गाठोड्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करावा, अशी तेथली रीत.

१९६४ सालच्या एप्रिलअखेरीस, परीक्षा आटोपल्यावर, आम्ही चार मित्र गोवा पाहायला निघालो. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त होऊन पुरती अडीच वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे तेथे जाण्याचे आम्हांला फार अप्रूप होते. आम्ही चौघे एकाच शाळेतले. एकाच्या वडिलांचा पुण्याच्या मंडईत फळांचा गाळा होता. त्याला आम्ही बागवान म्हणत असू. दुसऱ्याची आई मंडईच्या पायरीजवळ मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसे, म्हणून त्याचे नाव मेथी. तिसरा सदाशिव पेठेत आजीच्या धाकात वाढलेला, तो पेठकर. आणि चौथा मी. माझे घर मंडईला इतके लागून होते, की पहाटे पोती उतरवणाऱ्या हमालांच्या हाकांनीच आम्हांला जाग येई.

शिदोरीची खरेदी अर्थातच मंडईत झाली. मंडईची ती दगडी इमारत १८८६ साली बांधून झाली. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून चहूकडे गेलेल्या लांबच लांब कौलारू पाख्या आणि त्यांखाली भाजीपाल्याचे ढीग. त्याआधी हा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेचे सभासद असताना, हा पैसा इमारतीवर न घालता शिक्षणावर घाला, असे जोतीराव फुले यांनी बजावले होते. आणि गंमत अशी, की पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आता मंडईजवळ भुयारी मेट्रोचे स्थानकही झाले आहे. पण तेथली ताज्या आल्याची, ओल्या पोत्यांची आणि पिकल्या केळ्यांची संमिश्र दरवळ अजून जागची हललेली नाही.

मेथीच्या आईने आमच्यासाठी लहान काकड्या निवडून दिल्या. बागवानाने गाळ्यावरून दोन डझन लिंबे उचलली. “इतकी कशाला रे?” असे मी विचारले, तर म्हणाला, “अब्बांनी सांगितलंय. समुद्रावर जाणाऱ्यानं लिंबाशिवाय जाऊ नये.” त्याबरोबर मूठभर आले आणि मिठाची पुडी. मेथीने तर कमालच केली. रत्नागिरीवरून जाणाऱ्या बोटीत नेण्यासाठी त्याने मंडईतून सहा हापूस आंबे विकत घेतले! हे ऐकून बागवानाचे वडील गाळ्यावर बसल्या बसल्या इतके हसले, की त्यांनी त्या आंब्यांचे पैसेच घेतले नाहीत.

लिंबांविषयी त्या वडीलधाऱ्या माणसाने जे सांगितले, ते जगाने फार मोठी किंमत मोजून शिकलेले आहे. पूर्वी शिडाची जहाजे महिनोन्‌महिने समुद्रावर असत. खलाशांना खायला कडक बिस्किटे आणि खारवलेले मांस. ताजी भाजी नाही, फळ नाही. मग हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे पटापट मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रजी आरमारातील वैद्याने अशा बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले, ते आठवड्याच्या आत सुधारले. एवढे स्पष्ट दिसूनही आरमारात सर्वांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम निघायला १७९५ साल उजाडावे लागले. आमचा प्रवास एका दिवसाचा आणि एका रात्रीचा. आम्हांला स्कर्व्ही होण्याचे काही कारण नव्हते. तरीही ती लिंबे कामी आली, ती कशी ते पुढे सांगतो.

पेठकरची शिदोरी निराळी होती. त्याच्या आजीने ती सोवळ्यात केली होती. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, गुळाची ढेप आणि फिरकीच्या तांब्यात घरचे पाणी. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली दशमी दोन-तीन दिवस मऊ राहते आणि प्रवासात विटाळतही नाही, अशी जुन्या लोकांची समजूत. आजीचा या प्रवासालाच विरोध होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे दगावली, ही गोष्ट ती विसरली नव्हती. शेवटी तिने परवानगी दिली, पण निघताना वचन घेतले : “बोटीवर कोणाच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही.” पेठकरने ते दिले. आजीवर त्याचा फार जीव होता. आईमागे तिनेच त्याला वाढवले होते.

सकाळी भोंगा वाजला आणि बोट धक्क्यापासून सुटली. डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळ्याच्या सुटीत गावी निघालेले गिरणीकामगार, त्यांच्या बायका, पोरे, ट्रंका, कोंबड्या, एक भजनी मंडळी आणि तिचा मृदंग. आमच्या शेजारी मालवणला निघालेली एक म्हातारी एका बोचक्याला टेकून बसली होती. दुपारी आम्ही चादरीवर शिदोरी सोडली. मेथीच्या आईचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, माझ्या घरच्या पुऱ्या, बागवानाच्या घरचा खिमा. तो मी खात नसे, पण मेथी आनंदाने खाई. पेठकर चादरीच्या कडेला, आमच्याकडे किंचित पाठ करून, आपली दशमी खात होता. शाळेच्या सहलींत हे असेच चाले. आम्हांला त्याचे काही वाटेनासे झाले होते. निदान आम्ही तसे म्हणत असू.

हर्णैच्या बंदरात बोट किनाऱ्यापासून दूरच थांबली. तेथे धक्का नव्हता. मचवे येऊन उतारूंना घेऊन जात. वर-खाली होणाऱ्या मचव्यात माणसे अशी काही उतरत, की पाहणाऱ्याचाच श्वास अडकावा. मचव्यांतून वर चढलेल्या बायकांच्या टोपल्यांत करवंदे आणि ओले काजूगर होते. दाभोळ येईपर्यंत आम्ही ते खात राहिलो.

जयगड सोडल्यावर वारा सुटला. बोट डोलू लागली आणि तिच्याबरोबर पोटेही डोलू लागली. आपल्या कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. ते सांगते, ‘आपण हलतो आहोत’. डेकवरच्या ट्रंकेकडे पाहणारे डोळे सांगतात, ‘सारे स्थिर आहे’. या दोघांच्या भांडणात पोटाचा बळी जातो. यालाच ‘बोट लागणे’ म्हणतात. लांब क्षितिजाकडे पाहावे, वाऱ्यावर बसावे, कोरडे थोडे थोडे खावे, हा त्यावरचा उपाय. पण रात्रीच्या काळोखात क्षितिज कोठून आणायचे?

पेठकरला बोट फारच वाईट लागली. तो कठड्याकडे धावला तेव्हा त्याचा तांब्या लवंडला, गडगडत गेला आणि फिरकी सैल असल्यामुळे सारे पाणी डेकवर सांडले. नंतरच्या दोन-तीन तासांत त्याच्या पोटात काही राहिले नाही. ओठ सुकले, डोळे खोल गेले. मेथीने बोटीवरचे पाणी आणले. त्याने मान हलवली. मी पाणी पुढे केले, पुन्हा तेच. मला राग आला होता, हे खरे. पण त्याच्याकडे पाहून राग टिकेना. तो अडाणी नव्हता. विज्ञान शाखेचा विद्यार्थी होता. तो फक्त दिलेला शब्द पाळत होता.

बागवान मात्र काही बोलला नाही. त्याने पिशवीतून एक लिंबू काढले. ते कापले नाही. अख्खे लिंबू आणि मिठाची पुडी त्याने पेठकरच्या हातावर ठेवली. सालीच्या आतल्या फळाला विटाळ नसतो, हे मंडईत वाढलेल्या पोराला शिकवावे लागत नाही. पेठकरने दातांनी साल फोडली आणि लिंबू चोखले. मग दुसरे. मग आल्याचा तुकडा. उलट्या थांबल्या, पण अंगात त्राण नव्हते.

ती मालवणची म्हातारी हे सारे पाहत होती. तिने बोचक्यातून ॲल्युमिनियमची कासंडी काढली. सुनेने सकाळी भरून दिलेली, उकड्या तांदळाची गार पेज होती ती. वाटीत थोडी ओतून तिने ती पेठकरपुढे धरली. “झिला, पेज घे. रिकाम्या पोटाक बोट जास्त लागता.”

पेठकरने वाटीकडे पाहिले, मग आमच्याकडे. आम्ही तिघांनी त्याच क्षणी समुद्राकडे तोंडे फिरवली. काळोखात पाहण्यासारखे तेथे काहीएक नव्हते. पुन्हा वळलो, तेव्हा वाटी रिकामी होती आणि म्हातारी ती दुसऱ्यांदा भरत होती. तिने त्याला नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. थोड्या वेळाने त्यानेच बागवानाच्या बाटलीतले पाणी मागून घेतले.

पुण्यात अशा गोष्टींचा एके काळी किती गवगवा होई! मंडईपासून थोड्याच अंतरावर पंचहौद मिशन आहे. तेथे १८९० साली काही प्रतिष्ठित पुणेकरांनी चहा घेतला. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. त्यांची नावे छापून आली आणि त्या चहाचा खटला थेट शंकराचार्यांपर्यंत गेला. उलट, त्याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. दोन्ही गोष्टी आम्ही शाळेत वाचल्या होत्या आणि परीक्षेत लिहिल्याही होत्या. त्या रात्री डेकवर आम्हांला त्यांतली एकही आठवली नाही. आम्ही फक्त पेठकरच्या चेहऱ्यावर परत येणारा रंग पाहत होतो.

पहाटे मालवण आले. सिंधुदुर्गाचा तट उजाडत्या प्रकाशात काळा दिसत होता. म्हातारीचे बोचके मचव्यात उतरवायला पेठकरच पुढे झाला. आम्ही उरलेली लिंबे तिच्या ओटीत घातली. तिने ती मोजली आणि त्यांतली चार परत दिली. “तुमका पणजी आसा अजून,” ती म्हणाली. मेथीच्या आंब्यांपैकी तीन उरले होते. ते मात्र तिने पाहिले आणि नुसती हसली. तिच्या परसात आंब्याची झाडे असणार, हे मेथीच्या तेव्हा लक्षात आले.

पुढे गोव्यात आठ दिवस आम्ही काय काय खाल्ले, त्याची यादी देत बसत नाही. एवढेच सांगतो, की चादरीच्या कडेला पाठ करून बसलेला माणूस आम्हांला पुन्हा दिसला नाही.

पुण्याला परतल्यावर मी पेठकरबरोबर त्याच्या घरी गेलो. तो एकटा जायला कचरत होता. आजी झोपाळ्यावर वाती वळत बसली होती. त्याने तिच्यापासून काही लपवले नाही. सांडलेला तांब्या, लिंबू, पेज, बागवानाचे पाणी, सारे क्रमाने सांगितले. बोलताना त्याचा आवाज कापत होता. आजीचे हात थांबले. कितीतरी वेळ ती काहीच बोलली नाही. मी दाराकडे पाहू लागलो.

मग तिने वात पुन्हा बोटांत घेतली आणि विचारले, “त्या बाईनं पेजेत मीठ घातलं होतं ना रे?”

“हो, आजी.”

“मग बरं,” ती म्हणाली, आणि मला म्हणाली, “आत लाडू आहेत. त्या दोघांनाही बोलावून आण.”